राखीव जंगल कुणासाठी राखायचं?

"मॅडम, लाव्हा थंड झाल्यावर दगडच होतो ना? मग दगडावर जंगल कसं उगवतं?" ज्वालामुखीचा धडा शिकवताना हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. उत्तर द्यायला मी मुलांना टेनेरिफ बेटावर नेते, म्हणजे अर्थात नकाशावर. बेट स्पेनच्या मालकीचं, पण आहे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, अटलांटिक महासागरात. बेटाच्या मधोमध तैदे नावाचा ज्वालामुखी. उंची ३,७०० मीटरहून जास्त. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचं, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक रचली तरी तैदे वरच राहील. त्याच्या माथ्याखाली चारी बाजूंनी पाइनचं जंगल आहे, डोक्यावर टोपी बसवावी तसं गोल. १९८७ पासून ते कायद्याने संरक्षित आहे.

दगडावर जंगल उगवतं ते एका दिवसात नाही. लाव्ह्याच्या भेगांमध्ये आधी दगडफूल येतं, मग गवत, मग झुडूप. शेकडो वर्षं ऊन-पाऊस दगड कुरतडतात, तेव्हा बोटभर माती तयार होते. ज्वालामुखीच्या मातीत खनिजं भरपूर असतात, कमी असतं ते पाणी, कारण भेगाळ दगडातून पाणी लगेच खाली निघून जातं. तिथल्या पाइनने यावर आपला उपाय शोधलाय. त्याच्या सुईसारख्या पानांचे तिन-तिनाचे झुबके असतात, लांबीला वीतभर आणि कधी त्याहून जास्त. समुद्रावरून येणारं धुकं या पानांत अडकतं, थेंब होतो आणि खाली टपकतो. पाऊस नसलेल्या दिवशीही झाडाखालची जमीन ओली असते. हे पाणी दगडात मुरतं आणि बेटावरचे लोक डोंगराला आडवे बोगदे खणून ते बाहेर काढतात. असे एक हजाराहून जास्त बोगदे तिथे आहेत. जंगल गेलं तर नळ कोरडे पडतील, हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे.

ते त्यांना फुकटात कळलेलं नाही. पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पेनने बेट जिंकलं आणि पुढची काही शतकं ही झाडं जहाजांसाठी, डांबरासाठी, साखरेच्या भट्ट्यांसाठी तुटत राहिली. डोंगर उघडे पडले. विसाव्या शतकात पुन्हा लागवड झाली, तेव्हा कुठे आजचं जंगल दिसतं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच जंगलाला मोठी आग लागली आणि हजारो हेक्टर काळं झालं. पण हा पाइन जळून मरत नाही. साल जाड असते. वरून कोळसा झालेल्या खोडातून काही महिन्यांत हिरवे कोंब फुटतात. हिमालयातलं चीड या झाडाचं अगदी जवळचं नातेवाईक आहे, ही गोष्ट मुलांना फार आवडते. एवढा समुद्र मध्ये असून नातं कसं, असं विचारतात. मी म्हणते, नाती टिकायला शेजार लागतोच असं नाही.

आता आपल्या घरी येऊ या. महाराष्ट्राचा बहुतेक भागही ज्वालामुखीचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर वाहत आले आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो काळा दगड पसरलेला आहे. सह्याद्री त्याचाच, मेळघाट त्याचाच, वऱ्हाडातली कापसाची काळी जमीन त्याचीच. पण हा काळा दगड नागपूरला संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याची आणि शहराच्या पूर्व बाजूला जमीन बदलते. नागपूरहून भंडाऱ्याला येताना खिडकीबाहेर पाहत राहा, कापूस मागे पडतो आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. हा फरक पिकाच्या हौसेचा नाही, पायाखालच्या खडकाचा आहे.

आपल्या जिल्ह्यातले खडक दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुने, कोट्यवधी नव्हे तर अब्जावधी वर्षांच्या हिशेबातले. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीज निघतं ते याच जुन्या खडकांतून. शेतकऱ्याला भूगर्भशास्त्र शिकवावं लागत नाही. कन्हार, मोरांड, सिहार, बरडी ही मातीची नावं आपल्या बुजुर्गांच्या तोंडी होती आणि कोणत्या मातीत कोणता धान घालायचा हे त्यावरून ठरत होतं. यातली बरडी म्हणजे खडकाळ, मुरमाड, पाणी न धरणारी. डोंगरउतारावर हीच असते आणि आपलं जंगलही बहुतांशी हिच्यावरच उभं आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह, बांबू.

भंडाऱ्याहून वीसेक किलोमीटरवर कोका अभयारण्य आहे. २०१३ मध्ये ते जाहीर झालं. त्याच वर्षी डिसेंबरात नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नागझिरा आणि आसपासची अभयारण्यं कोकासह एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, साडेसहाशे चौरस किलोमीटरहून मोठा. नागझिरा तर १९७० पासून अभयारण्य आहे. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि नागझिरा बराचसा तिकडे गेला. पण आपल्या पिढीला अजून तो आपलाच वाटतो, माहेरच्या घरासारखा.

ज्वालामुखीच्या बेटावरचं जंगल धुकं धरतं, आपलं जंगल पावसाचं पाणी धरतं. काम एकच. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी पिढ्यानपिढ्या बांधलेले तलाव, ज्यांना आज आपण मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. (मुलांना वाटतं कुणाच्यातरी मामाने बांधले. त्यांचं फारसं चुकत नाही, कुणाच्यातरी मामाने बांधलेच असणार.) तलावाची जागा निवडताना या लोकांनी वरचं जंगल पाहिलं. उतारावर झाडं आणि पालापाचोळा असेल तर पाणी हळू येतं, माती सोबत आणत नाही. पाला जळला, जमीन उघडी पडली की पहिल्याच पावसात बरडी वाहून तलावात येते. तलाव उथळ होतो. खाली ज्याच्या बांध्या आहेत त्याचा शेवटचा पाणी-पाळा चुकतो. जंगलातल्या आगीचा आणि आपल्या ताटातल्या भाताचा संबंध इतका सरळ आहे.

आणि आग दर वर्षी लागते. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतो. त्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे रस्त्याच्या कडेचा आणि जंगलाच्या सीमेवरचा पट्टा आधीच जाळून मोकळा करतात, की पुढे आग पोचली तरी तिला खायला काही मिळू नये. तरीही एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात आग भडकली आणि ती विझवताना तीन हंगामी मजूर त्याच दिवशी गेले. हंगामी म्हणजे चार महिन्यांचे, रोजंदारीवरचे. जवळपासच्या गावांतले गरीब लोक. वाघ मेला की फोटो छापून येतो, ही माणसं दोन दिवसांत बातमीतून उतरली. मला त्याचा राग येतो आणि तो इथे लिहून ठेवायचा होता.

आग कोण लावतं? वीज पडून लागणारी आग आपल्याकडे क्वचितच, जवळजवळ सगळी माणसाच्या हाताची. मोहाची फुलं पहाटे गळतात, पाल्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तेंदूची पानं कोवळी, मोठी यावीत म्हणून झुडपं जाळतात. कुणी विडीचं थोटूक फेकतं. सहलीला आलेले लोक चुलीतले निखारे तसेच सोडून निघतात, आणि यात आपली मंडळीही असतात. ईदनंतरच्या सुट्टीत डेग घेऊन जंगलाच्या काठावर जाणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. बिर्याणी उत्तम होती, चुलीवर पाणी मात्र कुणी ओतलं नाही.

पण शहरातल्या माणसाने मोह वेचणाऱ्या बाईकडे बोट दाखवणं सोपं आहे. तिची बाजू नीट पाहिली पाहिजे. १९२७ च्या वन कायद्यात दोन शब्द आहेत, राखीव वन आणि संरक्षित वन. ऐकायला सारखे, अर्थ उलटे. राखीव वनात परवानगी दिलेली गोष्ट सोडून सगळं मना. संरक्षित वनात मना केलेली गोष्ट सोडून सगळं चालतं. मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला, अभयारण्यं आली, आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून पडलेली, वाळलेली झाडं आणि गवत उचलण्यालाही मनाई केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपजाचा, म्हणजे मोह, तेंदू, मध, बांबू यांचा हक्क दिला. पण अभयारण्याच्या आत आणि वाघाच्या गाभा क्षेत्रात तो हक्क प्रत्यक्षात मिळणं अवघड. ज्या झाडाची फुलं आजीने वेचली, त्या झाडाकडे नातीने जायचं तर ती गुन्हेगार ठरते.

तेंदूपत्ता आपल्या समाजाला परका नाही. माझी नानी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवून नरम केलेली पानं आणि जर्दा, हातात कात्री, पत्र्याच्या फर्म्यावर पान ठेवून कापायची. बोलत बोलत शेकडा कधी पूर्ण व्हायचा ते तिलाही कळत नसे. विडी ओढणं वाईटच, तिची बाजू मी मांडत नाही. पण त्या सुपावर आमच्या खालांची लग्नं झाली. आणि नानीच्या सुपात येणारं प्रत्येक पान एप्रिल-मेच्या उन्हात कुठल्यातरी बाईने जंगलात वाकून तोडलेलं असायचं. आम्ही तिचा विचार कधी केला नाही. आता ती बाई वाघाच्या तोंडाशी जाऊन पान तोडते. मे २०२५ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. इकडे आपल्या प्रकल्पातही वाघ वाढावेत म्हणून मे २०२३ मध्ये दोन वाघिणी बाहेरून आणून नागझिऱ्यात सोडल्या. वाघ वाढले पाहिजेत हे मलाही मान्य आहे. मग माणसाला पोटासाठी त्याच्या वाटेत जावं लागू नये, याची सोय आधी व्हायला हवी.

इथे आपल्या इतिहासातली एक गोष्ट सांगायला हवी. जंगल राखणं हा सरकारचा किंवा परदेशी लोकांचा शोध आहे असं आपल्यातल्या काहींना वाटतं, म्हणून. अरबस्तानात इस्लामच्या आधी 'हिमा' नावाची चाल होती. कबिल्याचा बलवान सरदार आपल्या कुत्र्याला उंचवट्यावर नेऊन भुंकायला लावी. आवाज जिथवर पोचेल तिथवरचं कुरण त्याचं, दुसऱ्याने तिथे जनावर आणायचं नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही चाल मोडली. हिमा ठेवला, पण त्याचा मालक बदलला. राखीव कुरण हे अल्लाह आणि त्याच्या प्रेषिताचं, म्हणजे कुणा एका दांडग्याचं नाही, सगळ्यांच्या कामाचं. मदीनेजवळचं नकीअ हे कुरण त्यांनी असं राखलं, तिथे सार्वजनिक कामाचे घोडे चरत.

हजरत उमर (रजि.) खलिफा असताना त्यांनी हुनय्य नावाच्या माणसाला एका हिम्यावर राखणदार नेमलं. त्याला दिलेल्या सूचना बुखारी शरीफमध्ये आहेत, आणि माझ्या मते प्रत्येक वनाधिकाऱ्याने त्या एकदा वाचाव्यात. त्यांचा आशय असा. लोकांशी नरमाईने वाग. मजलूमच्या बददुआला घाबर, ती कबूल होते. ज्याच्याकडे थोडे उंट, थोड्या बकऱ्या आहेत त्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि उस्मान बिन अफ्फान (रजि.) यांच्या कळपांना मात्र रोख, कारण त्यांची जनावरं मेली तरी त्यांना बागा आहेत, शेती आहे. गरिबाची चार जनावरं मेली तर तो लेकराबाळांना घेऊन माझ्या दारात येईल, आणि मी त्याला टाकून देऊ शकणार नाही. त्याला बैतुलमालमधून सोनं-चांदी देण्यापेक्षा आज गवत-पाणी देणं मला सोपं आहे.

यात बारकाईने पाहा. ज्यांना रोखलं ते नावाजलेले सहाबी होते, इस्लामसाठी पैसा ओतलेले. ओळख, मान, श्रीमंती कशाचीही सवलत नाही. आणि हिमा उघडा टाकलेला नाही, राखणदार आहे, नियम आहे. नियमातून वाट आहे ती फक्त ज्याचं पोट त्यावर आहे त्याच्यासाठी. आपल्याकडे कित्येकदा उलटं दिसतं. गाडी, कॅमेरा आणि ऑनलाइन बुकिंग असलेला पहाटे सहाला फाटकातून आत जातो, सरपणाची मोळी घेतलेली बाई त्याच फाटकावर अडते. पर्यटनाला माझा विरोध नाही. गाईड, जिप्सीवाले, चहावाले यांना त्यातून काम मिळतं, आणि मी स्वतः मुलींना घेऊन जाते. पण क्रम चुकलेला आहे.

हज किंवा उमरा करून आलेल्यांना दुसरी गोष्ट माहीत असेल. मक्केच्या हरममध्ये झाड तोडायचं नाही, गवतही उपटायचं नाही. मक्का फतह झाल्यावर प्रेषितांनी (स.) ही मनाई जाहीर केली, तेव्हा त्यांचे चुलते हजरत अब्बास (रजि.) यांनी अर्ज केला की 'इजखिर' हे गवत सोडा, ते आमच्या लोहारांना लागतं, घरांना लागतं, कबरींना लागतं. प्रेषितांनी (स.) ते मान्य केलं. पृथ्वीवरच्या सर्वांत पवित्र जागेच्या नियमातही गरजेपुरती एक खिडकी ठेवली गेली. झाड लावण्याचं पुण्य सांगणारी हदीस आपल्याला पाठ असते, शाळेच्या भिंतीवर रंगवलेली असते. या दोन गोष्टी मी फारशा कुठे रंगवलेल्या पाहिल्या नाहीत.

म्हणून मला वाटतं, कोकाच्या भोवतालच्या गावांना नुसतं 'आग लावू नका' सांगून भागणार नाही. राज्य शासनाची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ पासून आहे, तिच्यातून जंगलालगतच्या गावांना गॅसजोडणीसाठी मदत मिळते. जोडणी मिळते, पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की बाई परत सरपणाला जाते. भरलेला सिलिंडर हा वाघ वाचवण्याचा खर्च आहे असं धरून त्याचा हिशेब केला पाहिजे. टेनेरिफचे शेतकरी पिढ्यानपिढ्या पाइनच्या खाली पडलेल्या सुया गोळा करत आले, गुरांच्या खाली अंथरायला आणि केळी बांधायला. जंगलातला पाला कमी झाला की आगीचं जळणही तेवढंच कमी. आपल्याकडेही रस्त्यालगतचा पाला गावकऱ्यांनी रीतसर उचलून खत केलं तर जाळरेषेचं निम्मं काम होईल. हा माझा तर्क, अभ्यास कुणा जाणकाराने करावा.

आपण घरबसल्या काय करू शकतो, तेही सांगते. धूर दिसला तर वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे, मोबाइलमध्ये ठेवा. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आग हेरते आणि नोंदणी केलेल्यांना मोबाइलवर कळवते, नोंदणी साध्या माणसालाही करता येते. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी काहींनी ती केली आहे. पहिला संदेश आला तेव्हा एका मुलाने मध्यरात्री अब्बांना उठवलं. आग दोन तालुके पलीकडे होती. अब्बा आधी रागावले, पण पुढचा तासभर दोघं नकाशावर ती जागा शोधत बसले.

मोहासाठी पाला न जाळता फुलं गोळा करायला झाडाखाली जाळी बांधण्याचा उपाय काही ठिकाणी झाला आहे. जंगलाकाठच्या एका गावात एक म्हातारी भेटली, तिच्याकडे जाळी नव्हती. तिने दोन जुन्या साड्या आणि लेकाच्या लग्नातला मंडपाचा फाटका कपडा शिवून झाडाखाली अंथरला होता. मी विचारलं, पाला जाळत नाहीस का? ती म्हणाली, "आग कायले लावू, बाई? आगीनं मोहाच्या मुळ्या भाजतेत. पाला झाडाले दोन घंटे लागतेत, तेवढंच." मग कपड्याचं एक टोक उचलून तिने मला भोक दाखवलं. तिथून रात्री रानडुक्कर घुसलं होतं, आणि अर्धी फुलं खाऊन गेलं होतं.